चाकामागचा दगड

चढावर जड गाडी थांबली की मागच्या चाकाला दगड लावतात. हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. गाडी निघाल्यावर तो दगड उचलून कडेला टाकायचा असतो, हेही ठाऊक असतं, पण टाकणारे थोडे. गाडी एकदा चढाला लागली की दगडासाठी परत कोण थांबणार? थांबलं की पुन्हा दगड लावणं आलं. म्हणून करंजी घाटातून जाताना वळणावळणाला असे दगड पडलेले दिसतात. ज्यानं लावला तो पुढं गेलेला असतो. मागून येणारा वळसा घालून जातो.

त्यातला एक दगड माझा होता. हे आधीच सांगून टाकतो. मी फार बोलणारा माणूस नाही, आणि उशीर केला तर हे सांगायचं मी टाळीन, अशी मला माझीच भीती वाटते.

माझा ट्रक जुना आहे. सहा चाकी, लाकडी फाळक्याचा. हल्लीच्या गाड्यांची तोंडं चपटी असतात. हिचं नाक पुढं आलेलं आहे. लग्नानंतर थोड्याच दिवसांनी मी ती सोनईच्या एका माणसाकडून घेतली, आणि तेव्हाही ती नवी नव्हती. आमचं गाव शेवगाव आणि पाथर्डीच्या मधलं. गावातल्या निम्म्या घरांची वाळू, खडी, विटा हिनंच वाहिल्या. कांदा नगरला नेला, कडबा आणला. पाथर्डीकडची ऊसतोडीची माणसं दिवाळीनंतर संसारासकट हिच्यात बसून गेली आणि उन्हाळ्यात हिच्यातच परत आली. इंजिन मी स्वतः दोनदा उघडून बसवलंय. गिअर कुठं अडतो, ब्रेक किती आधी दाबायचा, हे माझ्या पायाला माहीत आहे, मला विचाराल तर सांगता यायचं नाही.

ज्या घरांच्या विटा हिनं आणल्या, त्याच घरांतली पोरं आता हिला म्हातारी म्हणतात. मी पारावरून गेलो की कुणीतरी हटकायचं, "काका, म्हातारी आज लई खोकतीय. डिझेल नको, काढा पाजा."

"काका, भंगारवाला आल्ता. म्हनला, गाडीसंगं डायवर बी घेतो."

मी हसायचो. घरी आल्यावर फडकं घेऊन गाडीचं नाक पुसायचो. बायको ओट्यावरून बघायची आणि ओळखायची, आज कुणीतरी बोललेलं दिसतंय.

आम्ही ख्रिस्ती. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्येही वेगळं नव्हतं. नाताळच्या मिरवणुकीला पूर्वी माझीच गाडी असायची. केळीचे खुंट बांधायचे, वर गव्हाणीचा देखावा, मागं पोरंपोरी गाणी म्हणत चालायची. मागच्या नाताळाला तरुण संघानं टेम्पो ठरवला. मला कुणी काही बोललं नाही. मी सकाळी गाडी धुऊन उभी केली होती, आणि टेम्पो दारावरून गाणी म्हणत गेला. तेव्हापासून माझ्या डोक्यात एक बसलं, की हिला कुणी हसलं तर ते मलाच हसणं आहे, आणि आता ते मी होऊ द्यायचं नाही. त्यातून पुढचं घडलं.

जुन्या गाडीवर यायला क्लीनर तयार होत नाही. म्हणून गेली काही वर्षं लांबच्या खेपेला बायकोच सोबत येते. करंजीकडून नगरला जाताना घाट चढायचा असतो, आणि कांद्याची गाडी असली की मधल्या वळणांवर इंजिन तापतं. तिथं थांबायचं, चाकाला दगड लावायचा, रेडिएटरला पाणी घालायचं, जरा गार होऊ द्यायचं. हँडब्रेकवर माझा भरवसा नाही, तेव्हा निघतानाही दगड लागतोच. आमची रीत ठरलेली होती. बायको खाली उभी राहायची. गाडी दगड सोडून पुढं गेली की ती दगड ढकलत कडेला न्यायची आणि चालत वर यायची. मी सपाट जागा बघून वर थांबायचो. तिचा गुडघा दुखतो, त्यामुळं वेळ लागायचा. मी आरशात बघत बसायचो. आधी पदर दिसायचा, मग ती.

तो शुक्रवार होता. दुपार कलली होती. वळणावर थांबून आम्ही पाणी घातलं. कडेला भुसभुशीत माती होती, म्हणून दगड रस्त्याच्या बाजूच्या चाकाला लावलेला. निघायच्या बेतात होतो, तेवढ्यात मागून गावातला एक टेम्पोवाला आला. नवा टेम्पो, शेजारी दोन हमाल. त्यानं टेम्पो हळू केला आणि मान बाहेर काढली.

"काय काका, बसली का म्हातारी?"

"बसली न्हाई, पानी पितीय," बायको म्हणाली.

"काकी, तुमी ढकलाया आल्या व्हय? काका, या वयात काकीला घाट चालाया लावता, काय तरी वाटू द्या."

हमाल हसले. त्यानं टेम्पो मागंच उभा केला, खिशातून मोबाईल काढला आणि आमच्यावर धरला. "चला काका, काढा गाडी. काकी, तुमी मागनं चाला. स्टेटसला टाकतो. पुढं म्हातारी, मागं म्हातारी."

मला ते चित्र दिसलं. धूर सोडत चाललेली माझी गाडी, आणि तिच्यामागं लंगडत चाललेली माझी बायको, गावातल्या प्रत्येक मोबाईलवर.

मी म्हणालो, "बस गाडीत."

"अन् दगड?"

"बस म्हनलं ना."

"अहो, रस्त्यात हाय त्यो. मधीच हाय."

"मागं टेम्पो हाय. त्येला जायचंय तर त्योच काढील. बस तू."

ती बसली. मी पहिला गिअर टाकला, क्लच सोडला. आणि सांगायला जड जातंय, पण गाडी अशी उचलली की बस. धक्का नाही, मागं सरकणं नाही. त्या तिघांच्या डोळ्यांदेखत भरल्या गाडीनं वळण घेतलं. ऊर भरून आला माझा. आरशात पाहिलं तर टेम्पो निघाला होता, दगडाला वळसा घालून. दगड तसाच होता, काळा, आरशात चिंचोक्याएवढा. मग वळण आलं आणि तो दिसेनासा झाला.

वर सपाटी लागली. बायको म्हणाली, "थांबताय का? मी जाऊन येते."

"इतक्या लांब कुठं चालत जातीस? येताना काढू."

येताना आम्ही घाटानं आलोच नाही. नगरला कांदा उतरवला तर सोनईहून पेंडीची पोती आणायचं काम मिळालं, आणि आम्ही सोनई-शेवगाव करून घरी आलो. दगडाची मला आठवण झाली नाही असं मी म्हणणार होतो. झाली होती. घोडेगावाजवळ झाली. मी गप्प बसलो, आणि तीही बसली.

शनिवारी शेजारच्यानं मला मोबाईल दाखवला. टेम्पोवाल्यानं स्टेटसला टाकलंच होतं. धूर, गाडीचा मागचा भाग, त्यावर हमालांचं हसणं. "पर चढली बरं का काका," शेजारी म्हणाला. मी वरचा धूर बघत नव्हतो. खाली कोपऱ्यात दगड होता. गाडी पुढं जाते आणि दगड मागं उरतो, अगदी स्वच्छ दिसत होतं. गावानं ते दिवसभर पाहिलं. सगळे गाडीला हसत होते, त्यामुळं दगड कुणाला दिसला नाही.

रविवारच्या उपासनेत आमच्याकडं साक्ष देतात. आठवड्यात देवानं काय चांगलं केलं ते उभं राहून सांगायचं आणि उपकार मानायचे. मी कधी उभा राहत नाही. त्या रविवारी राहिलो. स्टेटस पाहिलेली पोरं मागच्या बाकांवर होती, त्यांना ऐकवायचं होतं. मी म्हणालो, "लोक म्हणतात जुन्या गाडीत दम नाही. पण परमेश्वरानं शुक्रवारी भरल्या गाडीनं घाट सुखरूप पार करून दिला, कुणाचाही हात न लागता. त्याचे उपकार." मी खाली बसलो. पाळकसाहेब "हालेलुया" म्हणाले. बायको गीतांचं पुस्तक चाळत होती, नुसतीच.

माझ्यानंतर शाळेतून निवृत्त झालेल्या बाई उभ्या राहिल्या. अर्ध्या मंडळीला त्यांनी शिकवलंय, मलासुद्धा. त्यांनी साक्ष दिली नाही, प्रार्थनेची विनंती केली. त्यांचा भाचा शेजारच्या गावात असतो, चार घरांचं दूध गोळा करून डेअरीला घालतो. शुक्रवारी संध्याकाळी तो मोटारसायकलवर नगरला सासुरवाडीला निघाला होता. करंजी घाटात वळणावर रस्त्यात दगड होता. पुढचं चाक दगडावर चढलं आणि तो पडला. डोकं वाचलं. उजव्या खांद्याचं हाड मोडलं, प्लेट टाकलीय.

मंडळी उभी राहिली. पाळकसाहेबांनी भाच्यासाठी प्रार्थना केली, डॉक्टरांसाठी केली, आणि शेवटी म्हणाले, "प्रभू, तो दगड ज्या कुणी ठेवला, त्यालाही तू क्षमा कर. त्याला कदाचित माहीतही नसेल."

सगळे आमेन म्हणाले. मीही म्हणालो. माझा आवाज मला ऐकू आला, इतरांपेक्षा मोठा.

त्यानंतरचे दिवस कसे काढले ते नीट सांगता येणार नाही. दारात मोटारसायकल थांबली की वाटायचं, आला कुणीतरी. पोलीस येईल असं नव्हे; बाई येतील, आणि काही न बोलता नुसत्या बघतील, लहानपणी पाढा चुकल्यावर बघायच्या तशा. टेम्पोवाला दिसला की मी वाट बदलायचो. स्टेटस एका दिवसात निघून जातं म्हणतात, पण त्याच्या मोबाईलमध्ये असेलच की. कधी वाटायचं त्याला जाऊन पुसून टाकायला सांगावं. कधी वाटायचं ते पुन्हा एकदा पाहावं, कदाचित दगड तितका रस्त्यात नसेलही.

बायको एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर भांडलो तरी असतो.

शेवटी मी रिकामी गाडी घेऊन घाटात गेलो. त्या वळणाच्या अलीकडंच गाडी लावली आणि चालत निघालो. तिथं एक नव्हे, चार दगड होते. दोन कडेला, एक नालीत, एक रस्त्याच्या कडेच्या पट्ट्यावर. सगळे काळे. सगळ्यांवर टायरचे घासल्याचे डाग. माझा कोणता, मला ओळखू येईना. इतकी वर्षं मला वाटायचं, माझ्या गाडीचं सगळं मला ओळखू येतं. मी चारही दगड उचलून लांब खड्ड्यात टाकले. वरच्या वळणावर आणखी होते, तेही टाकले. एक जीपवाला जाता जाता ओरडला, "ओ मामा, घर बांधताय का?"

त्या दिवशी मनाला एक पळवाट सापडली. दगड इतके आहेत, तर तो माझाच कशावरून? घरी येईपर्यंत मी ती घट्ट धरून ठेवली. दारात बायकोला सांगितलं, "तिथं लई दगडं हायेत गं. कुनाचा बी असंल."

ती पोतं शिवत होती. म्हणाली, "असंल की. पर आपला बी त्यात हुता ना?"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं भाच्याच्या घरी गेलो. तो अंगणात बाजेवर बसला होता, हात गळ्यात बांधलेला. तिशीतला असेल. बाई तिथंच होत्या. "सलाम, सलाम, या," म्हणाल्या. चहा आला. भाचा माझ्या गाडीकडं बघून म्हणाला, "काका, ही लई भारी गाडी. हिच्यातच आमचं वऱ्हाड आलं हुतं, आईच्या लग्नात. आई अजून सांगती."

मी कप खाली ठेवला आणि म्हणालो, "घाटातला दगड माझा असंल. शुक्रवारी मी लावला हुता. उचलला न्हाई."

बाईंनी चष्मा काढला. भाच्याची बायको चुलीपाशी होती, ती तिथंच थांबली.

भाचा म्हणाला, "कोणत्या वळणावर?"

मी सांगितलं.

"तिथंच पडलो मी."

"कसा हुता दगड?" मी विचारलं. "काळा, एका अंगानं चपटा?"

त्यानं बांधलेला हात सावरला. मग म्हणाला, "मला कुठला दिसतोय, काका. दिसला असता तर पडलो असतो का?"

त्याची बायको चुलीपाशी फसकन हसली आणि लगेच रडायला लागली. तेवढ्यावर माझी खात्री व्हायची आशा संपली. माझा होता किंवा नव्हता. आता ते कधीच कळणार नाही, आणि नव्हता असं मला कधी म्हणताही येणार नाही.

भाचा रागावला नाही असं नाही. त्याचा आवाज बदलला. "बोलून मोकळं झाला तुमी. माझं दूध कोन घालतंय? म्हेवना येतो दोन दिस, मग त्येला बी त्येची कामं. घरं तुटली की दुसऱ्याची झाली."

"मी घालतो," मी म्हणालो.

"कशावर?"

मी गाडीकडं बघितलं. दुसरं माझ्याकडं होतं काय?

निघताना बाई दारापर्यंत आल्या. "माझ्यापुढं बोललात ते बरं केलंत," त्या म्हणाल्या. "पण साक्ष तुम्ही सगळ्यांपुढं दिली होती."

दुसऱ्या दिवसापासून मी त्याचं दूध घालायला लागलो. एवढा थोरला ट्रक, आणि हौद्यात दोन कॅन. ते गडगडू नयेत म्हणून दोरीनं फाळक्याला बांधलेले. चार घरांपुढं गाडी थांबायची, बायका चरवी घेऊन यायच्या आणि आधी गाडीकडं मान वर करून बघायच्या. "दुदाला ट्रक?" डेअरीवर तर रोजचा तमाशा. "काका, उद्या अंडी आणायला रेल्वे काढा." मला राग यायचा, जुनाच राग, त्याच जागी. पण आता तो घेऊन घरी जाऊन गाडी पुसता येत नव्हती. तिथंच उभं राहून कॅन उतरवावे लागायचे.

एके सकाळी टेम्पोवाला तिथं भेटला. "आता हे काय नवीन, काका? म्हातारी दूध द्याया लागली का?"

चार माणसं हसली. मी कॅन खाली ठेवला आणि म्हणालो, "त्या दिवशी घाटात मी दगड सोडून गेलो. त्या दगडावर हे दूधवालं पोरगं पडलं. म्हनून मी घालतोय."

टेम्पोवाला चपलेनं माती उकरत राहिला. मग जवळ येऊन हळू म्हणाला, "मी बी बघितला हुता त्यो. वळसा घालून गेलो." पुन्हा म्हणाला, "संगं हमाल हुते दोन. सांगितलं असतं तर काढला असता." हे तो मला सांगत होता की स्वतःला, कळलं नाही. माझा भार त्यानं कमी झाला नाही. मला वाटलं होतं होईल.

रविवारी मी मंडळीत उभा राहिलो. दोन वाक्यं बोललो, दगड माझा होता, मागची साक्ष अपुरी होती. मागच्या बाकांवरची पोरं हसतील असं वाटलं होतं. हसली नाहीत, आणि तेच जास्त लागलं. पाळकसाहेबांनी पुढचं गीत सांगितलं.

भाचा आता मोटारसायकल चालवतो. पण उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, कॅन डाव्या हातानं उचलतो. थंडी पडली की दुखतं, असं त्याची बायको म्हणाली. कुठं भेटला की सलाम करतो, डाव्या हातानं. तो हात बघितला की माझा अख्खा दिवस त्यातच जातो.

गाडी मी विकली नाही. लोक अजून हसतात. गाडीचा मला अजून अभिमान आहे, हेही कबूल करतो; तो गेला असता तर बरं झालं असतं, पण गेला नाही. बाभळीचा एक ठोकळा घडवून घेतलाय, दगडाऐवजी तोच चाकाला लावतो. बायकोला म्हणालो, ठोकळ्याला दोरी बांधून गाडीमागं ओढत नेऊ, तुला चालायला नको. ती म्हणाली, "दोरी तुटली तर?"

परवा पुन्हा कांदा घेऊन निघालो होतो. त्याच वळणाला गाडी तापली. पाणी घातलं. मागं एसटी, एसटीमागं दोन जीपा, सगळ्यांचे हॉर्न. बायको खाली उभी राहिली. गाडी ठोकळा सोडून निघाली, वर सपाटीला जाऊन मी थांबलो आणि आरशात बघायला लागलो. एसटी गेली, ड्रायव्हर हात उडवून काहीतरी बोलला. जीपा गेल्या. रस्ता रिकामा झाला तरी ती येईना. मला नको नको ते दिसायला लागलं. दार उघडून एक पाय खाली टाकला, तेवढ्यात वळणावर पदर दिसला, मग ती, काखेत ठोकळा.

वर चढून तिनं ठोकळा पायाशी ठेवला आणि दम खाल्ला. मग म्हणाली, "तिथं आनिक एक पडला हुता, कुनाचा तरी. त्यो बी काढला," आणि पदराला हात पुसले.